सूत, विद्या आणि वास्तू : नवी मुंबईच्या निमित्ताने काही विचार

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा संस्थांची स्थापनावर्षे, विद्यार्थिनींची संख्या आणि मिळालेल्या पदव्या यांची नोंद करून थांबतो. ही नोंद आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु शिकणाऱ्या स्त्रीच्या हातात पुस्तक नसे त्या वेळी काय असे, आणि ज्या छपराखाली ती वाचीत बसे ते छप्पर कोणाच्या नावावर होते, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात उच्च शिक्षण, सुताचे व लोकरीचे हातकाम आणि घराची मालकी या तीन गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा आहे. निमित्त नवी मुंबईचे आहे. पदव्युत्तर अभ्यास करणारी, हार्बर मार्गावरील गाडीत क्रोशाची सुई चालविणारी आणि घराच्या करारपत्रावर स्वतःची सही असलेली स्त्री या शहरात आता विरळा राहिलेली नाही. हे चित्र नवे दिसते. परंतु त्यातील प्रत्येक धागा पुष्कळ जुना आहे.

प्रथम सुताचा विचार करू. पुण्यातील मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, १८८४ साली निघाले. त्यानंतर तेथील अभ्यासक्रमावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी जी टीका केली तीत शाळेची वेळ आणि विषय हे दोन मुद्दे प्रमुख होते. मुलींना दिवसभर शाळेत बसविल्यास घरकाम शिकावयाचे केव्हा, हा त्या टीकेचा गाभा. तिच्याकडे केवळ सनातनी हट्ट म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. माझ्या मते तीत एक गोष्ट अगदी अचूक हेरलेली होती : खरा वाद विषयांचा नसून स्त्रीच्या वेळेचा होता. इंग्रजी आणि गणित यांना दिलेला तास कोणाच्या तरी वाट्यातून काढावा लागत होता, आणि घरातील कोणीही आपला वाटा सोडावयास तयार नव्हते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात घरातील वडीलधाऱ्या बायकांचा त्यांच्या इंग्रजी शिकण्याला असलेला विरोध वाचताना हीच गोष्ट ध्यानात येते.

अशा स्थितीत शिवण, भरतकाम व विणकाम यांना एक विलक्षण स्थान प्राप्त झाले. विरोधकांना ते पुस्तकाच्या जागी हवे होते. पुरस्कर्त्यांनी ते पुस्तकाच्या सोबतीला घेतले. ज्या शाळेत सुई आहे त्या शाळेत मुलगी पाठवावयास बापाला संकोच वाटत नसे. १९०९ साली पुण्यास रानडे यांच्याच वाड्यात जिचा आरंभ झाला त्या सेवासदनातही हातकामाचे वर्ग होते, आणि विधवेला चार पैसे मिळवून देणारे साधन म्हणून त्यांचे मोल मोठे होते. तथापि सुईच्या मागोमाग अक्षरही दारातून आत आले, ही गोष्ट आर्थिक उपयोगापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, त्या वेळी ही सोबत अधिक औपचारिक झाली. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात मान, ही त्या विद्यापीठाची वैशिष्ट्ये होती. तेथील पदव्यांची मूळ नावे आज विस्मरणात गेली आहेत. पहिली पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. आणि पदव्युत्तर पदवी ‘प्रदेयागमा’, म्हणजे जी विद्या इतरांना देऊ शकेल ती. बी. ए. आणि एम. ए. या कोरड्या अक्षरांपेक्षा ही नावे मला नेहमीच अधिक अर्थपूर्ण वाटत आली आहेत. ‘गृहीता’ या शब्दात ‘गृह’ हा ध्वनी अकारण ऐकू येतो, तो मात्र केवळ श्रुतीचा खेळ होय.

हिंगण्याच्या आश्रमाच्या आधारस्तंभ पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वैधव्य आल्यावर, पदरी मुलगा असताना, त्या प्रौढ वयात शिकावयास बसल्या. पुढे इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी निधी मिळवावा म्हणून १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे परक्या घरी घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह केला. ज्या घरकामामुळे शिक्षण अडत होते त्याच घरकामाच्या मोलाने शिक्षण विकत घ्यावे लागले! ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मचरित्राकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

सुताला ज्ञानाच्या सोबतीला न ठेवता ज्ञानाचे माध्यमच करावे, असा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर एकदा झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना झाकिर हुसेन समितीने आखली तीत कताईला मोठे स्थान होते. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत २,५६० फूट, अथवा सुमारे ८५३ यार्ड सूत. गिरणीच्या हिशेबात ८४० यार्डांची लडी धरून एका पौंडात अशा किती लड्या बसतात त्यावरून सुताचा अंक ठरतो. टकळी चालविणारे मूल हा गुणाकार-भागाकार फळ्यावाचून शिकेल, अशी ती कल्पना. ती शाळांत फार काळ टिकली नाही. तिच्या अपयशाची कारणे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र विणकाम करणाऱ्या कोणत्याही स्त्रीला ती कल्पना मुळीच चमत्कारिक वाटणार नाही. सुलट-उलट टाक्यांची नक्षी बसविताना एकूण टाक्यांना नक्षीच्या टाक्यांनी भागावे लागते, आणि बाकी उरली तर ती दोन्ही कडांना वाटून द्यावी लागते.

आता घराकडे वळू. वर उल्लेखिलेल्या बहुतेक स्त्रिया ज्या घरात शिकल्या त्या घरावर त्यांचा कायदेशीर हक्क एकतर नव्हता किंवा अत्यंत मर्यादित होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते मुळी अशा स्त्रियांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून. हिंगण्याचा आश्रमही १९०० साली एका झोपडीवजा इमारतीत सुरू झाला, आणि तिची जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दान दिलेली होती. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा मिळाला. परंतु तो तहहयात उपभोगापुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने तो हक्क पूर्ण मालकीचा झाला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, आणि देशभर तो २००५ साली आला. म्हणजे गृहीतागमा झालेल्या पहिल्या पिढीला पदवी आधी मिळाली. घराची पूर्ण मालकी मिळण्याची वाट त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी मोकळी झाली.

नवी मुंबईचा विचार येथे येतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी नेमण्यात आली. मे १९९२ मध्ये लोहमार्ग खाडी ओलांडून वाशीस पोहोचला, तेव्हापासून मुंबईतील महाविद्यालये व विद्यापीठ येथील विद्यार्थिनीच्या आवाक्यात आली. रोजचे दोन-तीन तास मात्र गाडीत जाऊ लागले. त्या वेळेत जाड ग्रंथ उघडता येत नाही, टिपणे काढता येत नाहीत. सुया चालू शकतात. १८८० च्या दशकात ज्या वेळेवरून वाद झाला तो वेळ असा अनपेक्षित मार्गाने सुताकडे परत आला.

ही भूमी सुताला अपरिचित होती असे मात्र समजू नये. दिवाळे, सारसोळे, करावे या कोळी-आगरी गावांत जाळी विणण्याचे व सांधण्याचे काम पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे. पूर्वी ताग व कापूस यांचे दोरे वापरीत; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनने त्यांची जागा घेतली. जाळ्याच्या एका छिद्राला ‘आस’ म्हणतात. आस केवढा ठेवावयाचा हे कोणता मासा धरावयाचा आणि कोणता सोडावयाचा यावर अवलंबून असते, म्हणून जाळे विणणारा माणूस खाडीचे ज्ञान बोटांत बाळगून असतो. या शहरातील सर्वांत जुने विणकाम ते हेच. या गावांतील घरांची कथाही ध्यानात घ्यावयास हवी. शेती व मिठागरे संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. दरम्यान वाढत्या कुटुंबांनी गावठाणालगत जी घरे बांधली ती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या नावाने सरकारी भाषेत ओळखली जातात. वाडवडिलांच्या जमिनीवर बांधलेले घर अनधिकृत ठरावे, यासारखा धक्का घरमालकाला दुसरा नसेल.

नव्याने येऊन राहिलेल्यांच्या वाट्याला आलेला धक्का निराळा आहे. आणि येथे थोडा वैयक्तिक अनुभव सांगणे क्षम्य ठरावे. प्रस्तुत लेखिका नेरूळ येथे स्वतःच्या सदनिकेत राहून प्रबंध लिहीत होती. जुलै महिन्यातील एका रात्री स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा खाली आला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. अर्धवट विणलेला स्वेटर आणि तिसऱ्या प्रकरणाची टिपणे होती. कारागिराने वर बोट दाखवून कारण समजावून सांगितले : खाऱ्या दमट हवेने सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, आणि ती फुगली की भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. हातोड्याने ठोकून पोकळ भाग काढावयाचा, सळई घासून स्वच्छ करावयाची, आणि मग नवा थर द्यावयाचा. उसवलेले विणकाम नीट टाक्यापर्यंत मागे नेल्यावाचून पुन्हा सुईवर घेता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. वाशीच्या सेक्टर ९ व १० मधील ‘जेएन’ प्रकारच्या इमारतींचे रहिवासी तर याहून फार मोठ्या प्रमाणावर या संकटातून गेले, आणि त्यांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला.

दुरुस्तीसाठी कर्ज काढावे म्हणून कागदपत्रे बाहेर काढली. ती प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत वाचली, आणि खरे आश्चर्य तेथे वाट पाहत होते. आपल्याकडे ‘ओनरशिपचा फ्लॅट’ हा शब्दप्रयोग १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायद्यानंतर इतका रूढ झाला आहे की त्यातील मालकी नेमकी कशाची, हे कोणी विचारीत नाही. नवी मुंबईत सिडकोची जमीन विकली जात नाही, ती पट्ट्याने दिली जाते, आणि या पट्ट्याची रूढ मुदत साठ वर्षांची आहे. जेथे सहकारी संस्था स्थापन होऊन पट्टा तिच्या नावे झाला आहे तेथे पट्टेदार ती संस्था असते. सदनिकाधारक तिचा सभासद असतो, आणि हस्तांतराच्या वेळी महामंडळाची परवानगी व शुल्क लागते. म्हणजे ज्याला आपण मालक म्हणतो तो भिंतींचा धनी असतो, भुईचा नव्हे.

ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिण्यास घेतला तो येथे स्पष्ट होतो. १९३७ च्या विधवेला मिळालेला हक्क तिच्या आयुष्यापुरता होता. नवी मुंबईतील स्त्रीला मिळालेला हक्क पट्ट्याच्या मुदतीपुरता आहे. हे साम्य ताणू नये, कारण दुसरी मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच लागू आहे आणि ती मिळकत विकता येते, मृत्युपत्राने देता येते. तरीही स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या पहिल्या घराच्या करारपत्रावर सही करणाऱ्या किती स्त्रियांनी ‘पट्टा’ हा शब्द समजून सही केली, याची पाहणी कोणी तरी करावयास हवी. आमच्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थिनींनी आपल्याच आया, मावश्या आणि शेजारणी यांच्या करारपत्रांपासून आरंभ केल्यास उत्तम साधन हाती येईल. सहीचे वर्ष, नावांचा क्रम, कर्ज कोणाच्या पगारावर काढले, आणि त्या काळात ती स्त्री काही शिकत होती काय, एवढे चार रकाने पुरेसे आहेत. अशा पाहणीत तिच्या हातकामाविषयी विचारावयास विसरू नये. विणलेल्या वस्तूंना लागलेला वेळ स्त्रिया ज्या अचूकपणे सांगतात त्या अचूकपणे अभ्यासाला लागलेला वेळ सांगत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

कोरिया यांनी बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात जी वसाहत उभारली तिचाही समावेश या पाहणीत व्हावा. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबे, ४५ ते ७५ चौरस मीटरांचे भूखंड, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. म्हणून ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपले घर वाढवावे. सात-सात घरांच्या मध्ये एक लहान अंगण ठेवलेले आहे. अभ्यासाची खोली अशा घरांत मागाहून वाढविली गेली काय, आणि ती कोणासाठी, हे मूळ नकाशा व आजची इमारत शेजारी ठेवून तपासता येईल.

कामाची निकड तारखांनी ठरविली आहे. १९७५ साली झालेला साठ वर्षांचा पट्टा २०३५ साली संपतो. मुदत ९९ वर्षांपर्यंत वाढविण्याचे धोरण शासनाने पुढे जाहीर केले आहे, आणि नूतनीकरण होताना जुनी करारपत्रे बाजूला पडून त्यांच्या जागी नवी येतील. पहिल्या पिढीतील सह्या करणाऱ्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. माझ्या स्वतःच्या संस्थेच्या कपाटात अशा एकोणीस करारपत्रांच्या प्रती सापडल्या. त्यांतील सात वाळवीने खाल्लेल्या होत्या.