अंगणातली जीप : नुकत्याच होऊन गेलेल्या काळाची साधनं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, ताम्रपट, शिलालेख, बखरी ही इतिहासाची साधनं झाली. पण आमच्या आजोबांच्या, वडिलांच्या काळाची साधनं कुठे शोधायची?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी आज आपण ग्रंथालयात जाणार नाही, जालन्यात आमच्या घराच्या अंगणात जाणार आहोत. तिथे एक जुनी जीप उभी आहे. निवृत्तीनंतरची सहा वर्षं आम्ही ती दुरुस्त करतो आहोत. तत्त्वज्ञानाच्या मास्तराने हातात पाना धरला म्हणून घरात पुष्कळ हसू झालं. ते बरोबरच होतं. पहिल्या वर्षी आम्हाला नट कोणत्या बाजूला सुटतो हेही कळत नव्हतं.

आधी या गाडीचं कूळ बघू. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीसाठी १३५ उत्पादकांकडे विचारणा केली. मुदत होती ४९ दिवसांची. बॅन्टम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबरला मुदतीत पोचवला. पुढे मोठी ऑर्डर मात्र विलीसला मिळाली, आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या केल्या. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. ज्याने पहिली गाडी घडवली त्याचं नाव लोक विसरले. इतिहासात हे नेहमीचंच.

भारतात ही गाडी स्थिरावली ती मुंबईत. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने विलीसच्या जीपगाड्यांची जुळणी माझगावात सुरू केली. यातले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झालं. म्हणजे बघा, एका कंपनीच्या पाटीवरसुद्धा फाळणीचा वण आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली. औरंगाबादच्या बाजूची जबाबदारी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्याकडे होती. जालन्यात फौजेला प्रतिकार झाला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी सांगताना 'जीपा आल्या' असंच म्हणायची. त्यांच्या बोलण्यात स्वातंत्र्य आलं ते धूळ उडवत, चार चाकांवर.

मग जीप सरकारी झाली. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी खेड्यात पोचली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या. तेव्हा आजचा जालना जिल्हा नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादेत होते आणि परतूर परभणीत. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीही रुतते. तिथे सरकार नावाची गोष्ट लोकांना दिसायची ती जीपच्या रूपाने. लसवाला, हिवतापवाला, वसुलीवाला, सगळे त्यातूनच उतरायचे.

आमची जीप सीजे-३बी जातीची, १९६६ सालची. तिचं बॉनेट उंच असतं, कारण युद्धातल्या इंजिनाच्या वरच्या भागाची रचना बदलून ते उंच झालं, मग बॉनेटही वर घ्यावं लागलं. तिची पहिली नोकरी एका पंचायत समितीत. पुढे निर्लेखन होऊन लिलाव झाला. ती घनसावंगीकडच्या एका शेतकऱ्याकडे गेली. १९७३ नंतर पेट्रोल परवडेना, म्हणून त्याने मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. मागे पत्र्याची बाकडी ठोकली आणि बाजाराच्या दिवशी माणसं, शेळ्या, पोती नेऊ लागला. शेवटची काही वर्षं ती लिंबाखाली उभी होती. तिथून आम्ही ती आणली.

काम सुरू केलं तेव्हा रंगाचे पापुद्रे निघाले. वर निळा, त्याखाली पिवळट, त्याखाली पांढरा, तळाशी करडा. पुरातत्त्ववाले उत्खननात थर मोजतात ना, तसंच. आम्ही खूश झालो, आणि तिथेच एक मोठी चूक केली. पाटे, बेरिंगं, सडलेला पत्रा असा ढीग अंगणात साचला होता. घरात कार्य होतं, म्हणून भंगारवाल्याला बोलावून ढीग उचलायला सांगितला. त्यात मागचं फळकूटही गेलं. त्यावर रंगाखाली 'पंचायत समिती' ही अक्षरं बोटाला लागायची. त्याचा फोटोदेखील आम्ही काढला नव्हता. जालना हे पोलादाचं गाव. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि त्याची सळई होते. आमचा शिलालेख आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आहे. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'साधनं जपा' म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं.

आता थोडं आमच्या विषयाकडे वळतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतात, तू रथातून आलास ना? मग रथ कुठला? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. म्हणजे रथ हे केवळ नाव, भागांच्या जुळणीला दिलेलं. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा खरा अवयवी असतो. पण त्यांचीही पंचाईत अशी, की एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा जन्मतो. म्हणजे दोघांपैकी कुणालाही विचारा, आमची १९६६ ची जीप शिल्लक नाही!

गंमत वाटेल, पण हाच प्रश्न कायद्याने विचारला आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. आमच्या जीपचं इंजिन बदललेलं, म्हणून ती त्यात बसत नाही. मिस्त्री म्हणाले, "सर, मुंबईहून जुनं पेट्रोल इंजिन आणू, बाकडी कापू, हिरवा रंग मारू, बॉनेटवर पांढरी चांदणी काढू. मिलिटरीची दिसेल. किंमत तिप्पट येईल." आमच्या मुलालाही ते पटलं होतं. दोन महिने घरात यावर वाद चालला.

निर्णय झाला तो एका पाहुण्यामुळे. एक निवृत्त सरकारी ड्रायव्हर जीप बघायला आले, वय ऐंशीच्या पुढे. काही न बोलता ते आत बसले आणि डॅशबोर्डवर हात फिरवू लागले. मीटरशेजारी दोन बारीक भोकं होती, आम्ही ती लांबी भरून बुजवणारच होतो. ते म्हणाले, "ही मी पाडलेली. उदबत्तीचं घर होतं इथं." मग बाहत्तरच्या दुष्काळाचं बोलणं निघालं. याच गाडीतून ते खडी फोडण्याच्या कामांवर हजेरीपट आणि मजुरीचे पैसे न्यायचे. सुकडीची पोती न्यायचे. पगाराला उशीर झाला की बायका गाडीपुढे बसून राहत. "त्या शिव्या देत नव्हत्या सर, नुसत्या बघायच्या," एवढं बोलून ते थांबले.

फळकुटावरची अक्षरं गेली होती, पण त्या दोन भोकांनी साक्ष दिली. आणि आम्हाला कळलं, की चांदणी काढली असती तर ती खोटी बखर झाली असती. ही गाडी कुठल्याच युद्धात नव्हती. ती दुष्काळात होती, बाजारात होती. तेव्हा डिझेल इंजिन राहिलं, बाकडी राहिली, भोकं राहिली. दाराशेजारचा वीतभर पत्रा घासून चारही थर उघडे ठेवले आहेत. खास क्रमांक मिळणार नाही आणि तिप्पट किंमतही येणार नाही. एमएच-२१ च्या हद्दीत ती साध्या गाडीसारखी फिरेल.

म्हणून त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. तुमच्या गावात अशी जीप, ट्रॅक्टर, तेलाचं इंजिन पडून असेल तर भंगारात देण्याआधी फोटो काढा, चासी नंबर लिहून घ्या, रंगाचे थर बघा. आणि सगळ्यात आधी तिचा ड्रायव्हर शोधा. लोखंड अजून दहा वर्षं थांबेल, माणूस थांबणार नाही. आमच्याकडे आलेले ते गृहस्थ पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. या वेळी आम्ही वही आणि रेकॉर्डर तयार ठेवला आहे.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. नमस्कार.