कंत्राटदार परवाना व मालकीबदल (सांवेर रोड, इंदूर)

इंदूर शहराच्या उत्तरेस उज्जैनच्या दिशेने जाणाऱ्या सांवेर रोडवरील औद्योगिक वसाहतीतील कारखाने कंत्राटदारांमार्फत कामगार घेतात. या व्यवस्थेला कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० याने कायदेशीर चौकट दिली. तो १० फेब्रुवारी १९७१ पासून लागू झाला. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय इंदुरातच आहे.

परवाना : या अधिनियमाने मूळ मालकाला (कंत्राटदारामार्फत काम करवून घेणाऱ्या कारखान्याला) नोंदणी, तर कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला. खोटी माहिती देऊन मिळवलेला किंवा अटी मोडलेला परवाना रद्द होऊ शकत असे. त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली. तिच्यात परवान्यासाठी किमान ५० कंत्राटी कामगारांची मर्यादा व परवान्याला पाच वर्षांची मुदत आहे.

मालकीबदल : १९७० च्या अधिनियमाखालील केंद्रीय नियमांनुसार परवाना अहस्तांतरणीय होता. त्यामुळे एकल मालकाने धंदा विकला, तरी परवाना खरेदीदाराकडे जात नसे. कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असल्याने केवळ भागधारक बदलल्याने परवानाधारक बदलत नाही. भागीदारी संस्थेत मात्र, करारात वेगळी तरतूद नसल्यास, भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते.

महत्त्व : कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. आस्थापना हस्तांतरित झाल्यास भविष्य निर्वाह निधीच्या जुन्या थकबाकीला नवा मालकही जबाबदार असतो. म्हणूनच परवान्याची मुदत, नाव व कामगारसंख्या वेळोवेळी तपासणे हे कामगाराच्या हक्काच्या रकमेचे रक्षण आहे.