प्रोग्रामचे पेटंट आणि मोकळी वाट

नवव्या शतकात बगदाद येथे मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी हे सांगणारा ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि ग्रंथकाराच्या नावाच्या लॅटिन रूपावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द रूढ झाला. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम पायरीपायरीने उरकण्याची ठरलेली रीत. संगणकाचा प्रत्येक प्रोग्राम अशा रीतींचाच बनलेला असतो. भारतातील अंक बगदादला गेले, तेथून युरोपात पोचले. वाटेत त्यांच्यावर कोणी जकात बसविली नाही. अशा रीतीवर एखाद्याची मालकी असावी काय, हा प्रश्न संगणकाच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. आपल्या देशाने त्याचे काय उत्तर दिले आणि अशा उत्तराचे परिणाम काय होतात, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम दोन हक्कांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. समजा, कोणी बिर्याणीवर पुस्तक लिहिले. ते पुस्तक जसेच्या तसे छापून विकण्यास इतरांना मनाई असते. हा कॉपीराइट. मात्र पुस्तक वाचून त्या रीतीने बिर्याणी करण्यास कोणाची आडकाठी नसते. पेटंट याच्या पुढे जाते. रीतीचेच पेटंट असेल, तर ते पुस्तक कधी न पाहिलेल्या आणि स्वतःच्या बुद्धीने तीच रीत शोधून काढणाऱ्या माणसालाही ती धंद्यात वापरता येत नाही. ही मनाई साधारणतः वीस वर्षे टिकते. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृती म्हणून कॉपीराइट मिळाला. पेटंटचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

पेटंटला मर्यादा घालण्याचा अनुभव आपल्या देशाला नवा नव्हता. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला व १९७२ पासून तो अमलात आला. त्यानुसार औषधाच्या पदार्थाला पेटंट मिळेनासे झाले. फक्त तो तयार करण्याच्या पद्धतीला मिळू लागले. साहजिकच भारतीय कारखान्यांना वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनविण्याची मुभा मिळाली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित वर्षभराचा उपचार एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्यापूर्वी मोठ्या विदेशी कंपन्यांच्या औषधांसाठी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. कायद्यातील एका मर्यादेचा परिणाम किती दूरवर पोचतो, हे यावरून दिसते.

२००२ साली हाच कायदा दुरुस्त झाला. त्यात गणिती पद्धती, व्यवसायाच्या पद्धती, अल्गोरिदम आणि ‘केवळ प्रोग्राम म्हणून’ संगणकाचा प्रोग्राम यांना शोध मानता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून ही मनाई सैल करण्याचा प्रयत्न केला. उद्योगात तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा यंत्राशी जोडलेल्या प्रोग्रामला पेटंट मिळावे, असा त्याचा आशय होता. संसदेत विशेषतः डाव्या पक्षांनी विरोध केला आणि मार्च २००५ मध्ये कायदा संमत होताना हे कलम गळाले. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटांचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला, हा योगायोग लक्षणीय आहे.

मनाई नसती तर काय झाले असते? याचे उत्तर अमेरिकेत सापडते. सप्टेंबर १९९९ मध्ये तेथे ॲमेझॉन या कंपनीला एकदा कळ दाबून खरेदी पुरी करण्याच्या रीतीचे पेटंट मिळाले. गिऱ्हाइकाचा पत्ता व पैशाचा तपशील आधीच नोंदवून ठेवायचा आणि पुन्हा विचारायचा नाही, एवढीच ती कल्पना. आपल्या गल्लीतील वाणी उधारीच्या वहीच्या जोरावर हेच करीत आला आहे! तरीही १ डिसेंबर १९९९ रोजी, ऐन नाताळच्या खरेदीत, न्यायालयाने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला ती रीत वापरण्यास मनाई केली. कंपनीला मुद्दाम आणखी एक कळ दाबण्याची पायरी घालावी लागली. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने मनाई उठविली व २००२ मध्ये तडजोड झाली; पेटंट मात्र २०१७ पर्यंत टिकले. बड्या कंपनीला वकिलांचा असा खर्च पेलवतो. मालेगाव किंवा भिवंडीतील एखाद्या तरुणाने यंत्रमागधारकांसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिला आणि त्याला अशी नोटीस आली, तर त्याने दुकान बंद करण्यावाचून दुसरे काय करावे?

उलट बाजूचे उदाहरण फ्रान्समधील आहे. तेथील कायद्यानेही प्रोग्रामला ‘केवळ प्रोग्राम म्हणून’ पेटंट मिळत नाही. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांनी विद्यालयाच्या आवारातील संगणकांवर चित्रफिती पाठविण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यातून व्हीएलसी हा प्रोग्राम जन्मला आणि २००१ साली तो सर्वांसाठी मोफत खुला झाला. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या नारिंगी शंकूचे त्याचे चिन्ह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ध्वनी व चित्र साठविण्याच्या रीतींवर अनेक पेटंटे होती. त्यामुळे अमेरिकन कंपनीच्या आश्रयाने चालणाऱ्या फेडोरा या मोफत प्रणालीत २०१६ पर्यंत एमपी-३ गाणी वाजविण्याची सोयही दिली जात नसे. फ्रान्समधील विद्यार्थ्यांनी मात्र आपल्या कायद्याच्या आधारावर ती सोय निर्धास्तपणे दिली. विद्यार्थ्यांचे काम जगभर गेले, यात त्यांच्या बुद्धीइतकाच त्या मोकळ्या वाटेचाही वाटा आहे.

तथापि या मनाईच्या मर्यादाही समजून घ्यावयास हव्यात. ती सरसकट नाही. न्यूझीलंडने २०१३ च्या कायद्यात हे धुलाई यंत्राच्या उदाहरणाने समजावले आहे. यंत्रातील प्रोग्राममुळे कपडे अधिक चांगले धुतले जात असतील, तर धुण्याची ती सुधारित पद्धत पेटंटास पात्र; परंतु कायदेशीर कागदपत्रे आपोआप भरून देणारा प्रोग्राम नुसता संगणकावर चालतो, म्हणून अपात्र. आपल्याकडेही दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली ‘केवळ’ या शब्दावर भर देऊन सांगितले की, प्रोग्रामवर आधारलेला खरा तांत्रिक शोध निव्वळ प्रोग्राम आहे म्हणून नाकारू नये. शिवाय आपली मनाई आपल्या सीमेपुरतीच. अमेरिकेत माल विकणाऱ्या भारतीय कंपनीला तेथील पेटंटे पाळावी लागतात, आणि म्हणूनच आपल्या मोठ्या कंपन्या तेथे स्वतःची पेटंटेही घेतात. पेटंट नसेल तर लोक आपली रीत लपवून ठेवतात, हा आक्षेपही अगदीच खोटा नाही.

आणखी एक गोष्ट. भारताचा सॉफ्टवेअर उद्योग या कलमाने निर्माण केला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. टाटा कन्सल्टन्सी मुंबईत १९६८ सालीच सुरू झाली होती. कायदा दार उघडे ठेवतो. आत जाण्यासाठी गणित, तर्क आणि कष्ट लागतात.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद विसरू नये. रीत मोकळी आहे, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम मोकळा नाही. कॉपीराइट असलेल्या प्रोग्रामची चोरटी प्रत वापरणे हा आजही गुन्हाच आहे. पण दुसऱ्याची रीत समजून घेऊन, आपल्या अकलेने नवा प्रोग्राम लिहून तो आपल्या गावात विकावयाचा असेल, तर त्यासाठी बहुधा कोणाच्या परवान्याची गरज पडत नाही. कारखाना काढावयास भांडवल लागते, दुकान काढावयास जागा लागते. या व्यवसायात एक साधा संगणक व शिकलेली बुद्धी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ज्या घरात भांडवल नाही त्या घरातील मुलामुलींसाठी ही सवलत लहान नव्हे. तिचा लाभ ज्यांचे गणित पक्के आहे त्यांनाच होईल, एवढे पालकांनी मुलांचे विषय निवडताना ध्यानात ठेवावे.