अजिंठ्याचा तांबडा रंग आणि लोहाचे पाच इलेक्ट्रॉन

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारच्या निमंत्रणावरून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्यात काम करत होते. निखळू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला आणि चित्रांवर लाखेचे रोगण चढवले. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये नील्स बोर अणूतील इलेक्ट्रॉनांची कवचे कोणत्या क्रमाने भरतात, याची मांडणी करत होते. १९२२ चे नोबेल त्यांना अणुरचनेच्या अभ्यासासाठीच मिळाले. अजिंठ्याच्या भिंतींवर काय टिकले आणि काय काळवंडले, याचे उत्तर बोर यांच्या त्या मांडणीपासून सुरू होते. हा थ्रेड त्याविषयी.

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या या लेण्यांच्या रंगांचे ‘हरवलेले गुपित’ समाजमाध्यमांवर अधूनमधून उगवत असते. वास्तविक १९३० च्या दशकातच रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी या चित्रांची तपासणी केली होती. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी : यादी इतकी साधी आहे की गुपिताची हौस असणाऱ्यांची निराशाच व्हावी. यातील हिरवे खनिज तर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतच सापडते. खरे नवल मातीत नसून तिच्यातील लोहात आहे.

लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. कवचांनुसार २, ८, १४, २. गेरूमध्ये ऑक्सिजनशी संयोग होताना त्यातले तीन जातात आणि २, ८, १३ उरतात. शेवटच्या तेरांपैकी पाच इलेक्ट्रॉन ‘डी’ उपकवचात राहतात. त्या उपकवचात पाच कक्षक असतात.

हे पाच इलेक्ट्रॉन कसे राहतात, हे समजण्यासाठी अजिंठ्यातलाच दाखला घ्यावा. लेणे क्रमांक १२ हा जुना विहार. त्याच्या प्रत्येक खोलीत दोन दगडी मंचक कोरलेले आहेत. तिसऱ्या भिक्षूला जागा नाही. वोल्फगांग पाऊली यांनी १९२५ मध्ये मांडलेले अपवर्जन तत्त्व हेच सांगते : एका कक्षकात फार तर दोन इलेक्ट्रॉन, आणि त्या दोघांची फिरकी परस्परविरुद्ध. त्याच वर्षी फ्रीडरिश हुंड यांचा नियम आला. सारख्या ऊर्जेच्या खोल्या रिकाम्या असतील, तर प्रत्येक इलेक्ट्रॉन आधी स्वतंत्र खोली धरतो. जोडी नंतर जमते. गेरूतील लोहाचे पाचही इलेक्ट्रॉन म्हणूनच एकेकटे असतात. (विहारातील भिक्षू हा नियम पाळत होते की नाही, याविषयी शिलालेख मौन बाळगतात.)

हे एकटे इलेक्ट्रॉन आणि शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन मिळून प्रकाशातील जांभळा, निळा आणि हिरवा भाग शोषून घेतात. डोळ्यांपर्यंत तांबडा पोहोचतो. पिवळ्या मातीत लोह तेच, मात्र खनिजाच्या रचनेत हायड्रोजनही असतो. त्यामुळे हिरव्या प्रकाशाचे शोषण कमी होते. तीच माती भाजली की पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. या लोहाने द्यायचे तेवढे इलेक्ट्रॉन आधीच दिलेले असल्याने हवेतील ऑक्सिजनला त्याच्याकडून आणखी काही मिळत नाही. सुमारे दीड हजार वर्षे रंग टिकण्याचे कारण हे. चुन्यातील कॅल्शियमचे हिशेब २, ८, ८ असे पूर्ण झालेले. तेथे इलेक्ट्रॉनला उडी घेण्यासाठी अतिनील किरणांएवढी ऊर्जा लागते, म्हणून चुना पांढरा.

निळ्याची कथा वेगळी आहे. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, ज्याचा मंत्री वराहदेव याचा लेख लेणे क्रमांक १६ मध्ये आहे, चित्रकारांनी लाजवर्द वापरला. तो दख्खनमध्ये मिळत नाही. बदख्शानच्या डोंगरांतून यावा लागे. त्याच्या निळाईचे कारण धातू नव्हे. खनिजाच्या जाळीत गंधकाचे तीन अणू अडकलेले असतात आणि त्यांच्याकडे एक जादा इलेक्ट्रॉन असतो. बाह्य कवचांचे अठरा आणि हा एक मिळून एकोणीस. विषम संख्या, म्हणजे एकाची जोडी कधीच जमत नाही. अशी मांडणी पिवळा-नारिंगी प्रकाश शोषते.

आता लाख. चेक्कोनींचा हेतू चांगला होता, आणि गिलावा वाचवण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु लाख हा कार्बनच्या मोठ्या रेणूंचा सेंद्रिय पदार्थ. गेरूतील लोहापाशी हवेला मिळाले नाही ते येथे मिळाले. रोगणाचे ऑक्सिडीकरण झाले, ते निळा प्रकाश शोषू लागले, पिवळे व पुढे तपकिरी पडले आणि विद्रावकांत सहज विरघळेनासे झाले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना ते अतिशय सावकाश उतरवावे लागले. कारण अजिंठ्याचे रंग ओल्या चुन्यात मुरलेले नाहीत, डिंक-सरसासारख्या बंधकाने कोरड्या पृष्ठभागावर धरलेले आहेत. विद्रावक जरा जहाल झाला तर रोगणाबरोबर चित्रही निघून यायचे.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात एक व्यावहारिक अडचण आहे. पिवळ्या रोगणाखालचा लाजवर्द हिरवट दिसतो, चुना हस्तिदंती. ताळा घ्यायला जुन्या नकला पाहाव्यात, तर रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे. म्हणून जुन्या रंगीत छायाचित्रावरून ‘येथे हिरवा वापरला आहे’ असे लिहिण्यापूर्वी, त्या भागावरचे रोगण तेव्हा उतरवलेले होते का, एवढे पाहून घ्यावे.