खिशातला घडीचा चाकू: कोणता घ्यावा, कायदा काय सांगतो आणि स्वसंरक्षणासाठी तो कामाला येतो का?

पार्सलची चिकटपट्टी कापणे, पोत्याची सुतळी सोडवणे, ट्रेकला काकडी चिरणे, अशा कामांना खिशात घडीचा छोटा चाकू असला की बरे पडते. रोज सोबत बाळगायच्या अशा वस्तूंना सोशल मीडियावर ‘एव्हरीडे कॅरी’ किंवा ‘ईडीसी’ म्हणतात. याच चाकूंची जाहिरात अनेकदा ‘स्वसंरक्षणासाठी उत्तम’ अशी केली जाते. पण कामाचा चाकू आणि हत्यार म्हणून बाळगलेला चाकू यांत व्यवहारात आणि कायद्याच्या नजरेतही मोठा फरक आहे.

चाकू निवडताना काय पाहावे?

पात्याची लांबी: रोजच्या कामांना ६ ते ७ सेंटिमीटरचे पाते पुरते. त्याहून लांब पात्याने काम सोपे होत नाही, खिशात मात्र अडचण होते.

पाते अडकवण्याची सोय: स्विस आर्मी प्रकारच्या बहुतेक छोट्या चाकूंमध्ये पाते फक्त स्प्रिंगच्या ताणाने उघडे राहते. उलट दिशेने जोर आला तर ते बोटांवर मिटू शकते, म्हणून अशा चाकूने काही टोचायला किंवा उचकटायला जाऊ नये. ‘लायनर लॉक’मध्ये मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पात्यामागे बसते. ‘बॅक लॉक’मध्ये मुठीच्या पाठीवरची कळ दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला फिरवायची कडी असते. घेताना लॉक लावून पाते हलते का ते पाहा. हलत असेल तर तो चाकू घेऊ नका.

पोलाद: कार्बन स्टीलला धार छान लागते, पण ते लवकर गंजते. कोकणात किंवा पावसाळ्यात वापरायचा असेल तर स्टेनलेस स्टील सोयीचे. लिंबू-कांदा कापल्यावर पाते पुसून कोरडे करावे आणि सांध्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडावा.

मूठ: ओल्या हातातून निसटणार नाही अशी खरखरीत मूठ चांगली. नुसत्या चकचकीत धातूची मूठ घामाने घसरते.

धार: बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो आणि तो सटकला की हात कापतो. त्यामुळे धार लावायचा छोटा दगड सोबतच घ्या.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ खालील शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सेंमी) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंमी) रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत.

पण ‘९ इंचांच्या आत म्हणजे कुठेही चालते’ हा समज चुकीचा आहे. त्याची कारणे अशी:

• महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी चाकू, काठ्या, तलवारी बाळगण्यास मनाई करू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश नेहमी निघतात. त्यात ९ इंचांची सवलत गृहीत धरता येत नाही.

• राज्याबाहेर नियम बदलतात. दिल्लीत बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंमी ही मर्यादा अधिसूचनेने घातलेली आहे. रामपुरी किंवा बटणाचा चाकू हौस म्हणूनही सोबत नेऊ नये.

• विमानाच्या केबिन बॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानात ठेवावा. मेट्रो, न्यायालय अशा तपासणीच्या ठिकाणी तो घरीच राहू द्यावा.

• शिक्षणासाठी इंग्लंडला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: तिथे लॉक नसलेला, ३ इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू सोबत ठेवता येतो. लॉक असलेल्याला सबळ कारण लागते आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण धरले जात नाही.

एखादी वस्तू ऑनलाइन मिळते म्हणजे ती बाळगणे कायदेशीर आहे, असे नाही.

स्वसंरक्षणासाठी उपयोग होतो का?

प्रत्यक्षात फारच कमी. हल्ला अचानक होतो. खिशातून चाकू काढून थरथरत्या हाताने उघडायला वेळ मिळत नाही. तो वापरायचा तर हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावे लागते. झटापटीत तो हिसकावला जाऊ शकतो किंवा हात घसरून स्वतःचीच बोटे कापू शकतात. शिवाय फोन किंवा पाकीट घेऊन निघून गेला असता असा चोर चाकू पाहून जिवावर उठू शकतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही (कलम ३७). पळणाऱ्या चोरावर मागून वार केला तर तो बचाव ठरणे कठीण. धोकादायक हत्याराने दुखापत केल्यास कलम ११८ लागते आणि गंभीर दुखापतीत शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

मग काय करावे?

अंतर वाढवणे, गर्दी आणि उजेडाकडे पळणे, मोठ्याने ओरडणे, ११२ वर फोन करणे हेच आधी. शिट्टी किंवा कर्कश आवाजाचा छोटा अलार्म किल्लीला अडकवता येतो. तो हिसकावला गेला तरी तुमच्यावर उलटत नाही. स्वसंरक्षणाच्या वर्गातही सुटका करून पळण्यावर भर आहे का, ते पाहावे.

थोडक्यात: चाकू कामासाठी घ्या. छोटे पाते, भक्कम लॉक, न घसरणारी मूठ एवढे पाहा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. जिवाच्या रक्षणासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.