दारी आलेला दवाखाना

आपल्या गणपतीत वीसेक वर्षे उकडीचे मोदक करणाऱ्या एक काकू दोन वर्षांपूर्वी यायच्या बंद झाल्या. फोन केला तर म्हणाल्या, "अगं, हॉलचा जिना चढवत नाही. दम लागतो. वय झालं, दुसरं काय?" त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे दोनदा अँब्युलन्स आली. दुसऱ्या वेळी घरी सोडताना एक कागद मिळाला. 'मुलगा आला की वाचेल' म्हणून काकूंनी तो देवघराच्या खणात ठेवून दिला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी गेले, तेव्हा तो मला दाखवला. छातीच्या रुग्णांसाठी आठवड्यातून दोनदा व्यायामाचा वर्ग, आणि गरज पडल्यास घरी येणाऱ्या नर्सचा फोन नंबर, असे ते पत्र होते. वर्गाची तारीख केव्हाच उलटून गेली होती.

माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागते ते रसायनशास्त्राचे. त्यामुळे औषधपाण्याचे आपल्या जी.पी.लाच विचारावे. पण खणात पडून राहिलेला तो कागद मनातून जाईना. छातीच्या रोग्याला इस्पितळात न ठेवता त्याच्या घरी जायचे, ही कल्पना आली कुठून? शोधू लागले तेव्हा कळले की हा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याची वाट मद्रास आणि पुण्यावरूनही जाते.

सुरुवात क्षयापासून होते. १८८७ साली एडिंबरोत डॉ. रॉबर्ट फिलिप यांनी क्षयरोग्यांसाठी एक छोटा दवाखाना काढला. नवल दवाखान्याचे नव्हते, तर तिथली नर्स रोग्याच्या घरी जाई याचे होते. खोलीत हवा येते का, एका अंथरुणात किती जण झोपतात, घरात आणखी कोण खोकते, हे ती पाहून येई. पुढे असे दवाखाने ब्रिटनभर निघाले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ते तिच्यात सामील होऊन 'चेस्ट क्लिनिक' झाले.

घरच्या उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र आपल्या देशातून आला. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये वर्षभर ठेवलेच पाहिजे, असे तोवर सगळे मानत होते. मद्रासमध्ये १९५६ साली भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून एक प्रयोग केला. काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष जाहीर झाले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण काही जास्त झाली नाही. त्यानंतर जगभरची सॅनेटोरियमे हळूहळू ओस पडली.

इथे लंडनमध्ये त्याच दशकात दुसरे संकट पुढे आले होते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ असे पाच दिवस शहरावर दाट धुके बसून राहिले. वारा नाही, थंडी कडाक्याची, घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि धुक्याच्या थेंबात त्याचे सल्फ्युरिक ॲसिड बनते. म्हणजे लोक पाच दिवस विरळ ॲसिडच श्वासात घेत होते. ईस्ट एंडला तडाखा जबर बसला. त्या वेळी चार हजार जादा मृत्यू धरले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी पुढचे महिने जमेला धरून हा आकडा सुमारे बारा हजारांवर नेला. मेलेल्यांत पुष्कळसे आधीच खोकल्या-दम्याने जर्जर झालेले होते. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि चुलाण्यांचा धूर आटोक्यात आला. आपले इल्फर्ड तेव्हा एसेक्समध्ये होते. रेडब्रिज बरो झाला १९६५ साली.

क्षय हटत गेला तशी चेस्ट क्लिनिकच्या बाकावर दुसरी माणसे दिसू लागली. बारमाही खोकला, कफ आणि चार पावलांत धाप. याला पूर्वी 'क्रॉनिक ब्राँकायटिस' म्हणत, आज सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपण सरसकट 'दमा' म्हणून मोकळे होतो, पण दोन्ही एक नव्हेत. दम्यात अरुंद झालेल्या श्वासनळ्या औषधाने बऱ्याचशा पुन्हा मोकळ्या होतात. सी.ओ.पी.डी.त त्या कायमच्या अरुंद होतात, आणि फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटतात. गेलेले फुप्फुस परत येत नाही. मग उपचार तरी काय करायचा?

पहिले उत्तर १९८१ साली मिळाले. रक्तातला प्राणवायू फार उतरलेल्या ८७ रुग्णांवर ब्रिटिश संशोधकांनी प्रयोग केला. ४२ जणांना घरी रोज निदान पंधरा तास प्राणवायू दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ गेले, दुसऱ्यातले ३०. पण रोज पंधरा तास पुरायला किती सिलिंडर लागतील! इथे आमचे रसायनशास्त्र मदतीला आले. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या खड्यांवरून दाबाखाली हवा नेली की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो आणि खडे पुन्हा तयार. विजेवर चालणारी ही पेटी १९८५ च्या अखेरीपासून इंग्लंडमधले जी.पी. लिहून देऊ लागले.

ज्यांच्या घरी ही पेटी आहे त्यांना एक कळकळीची विनंती. प्राणवायू चालू असताना जवळपास निरांजन, समई, उदबत्ती, कापूर किंवा पेटता गॅस नको. पूजा दुसऱ्या खोलीत करावी. नाकाला व्हॅसलीन किंवा विक्ससारखे तेलकट मलम चोळू नये. आणि दम लागला की प्राणवायू, असेही नाही. रक्तातले प्रमाण मोजूनच तो देतात. काहींना जादा प्राणवायू घातक ठरतो.

दुसरे उत्तर नर्सच्या रूपाने आले. १९९८ ते २००० च्या सुमारास ग्लासगो, एडिंबरो आणि लिव्हरपूल इथे अचानक दम वाढून इस्पितळात आलेल्यांपैकी निवडक रुग्णांना लवकर घरी पाठवून नर्सने घरी भेट देण्याचे प्रयोग झाले. साधारण चारांतला एक रुग्ण असा घरी सांभाळता येतो, असे दिसले. डॉ. फिलिप यांची नर्स जणू शंभर वर्षांनी परत दारात उभी राहिली.

तिसरे उत्तर सर्वांत साधे, आणि आपल्या लोकांना सर्वांत अवघड: व्यायाम. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंना त्याच कामाला जास्त हवा लागते. त्यामुळे धाप आणखी वाढते. हे चक्र तोडायला किमान सहा आठवड्यांचा, देखरेखीखालचा वर्ग असतो. चालणे, हलकी वजने उचलणे, श्वास कसा सोडावा, इनहेलर नीट कसा ओढावा, हे सारे तिथे शिकवतात. फुप्फुस सुधारत नाही, पण माणूस सुधारतो. हे असंख्य चाचण्यांतून सिद्ध झाले आहे.

"पण मी कधी सिगरेट ओढली नाही, मला कशाला हा रोग होईल?" हा काकूंचा प्रश्न. याचे उत्तर पुण्याकडून येते. तिथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की जगात सी.ओ.पी.डी.च्या कितीतरी रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. आणि त्यांच्या बाबतीत चुलीचा धूर हे बहुधा सर्वांत मोठे कारण असावे. काकू सातारा जिल्ह्यातल्या. लग्न होऊन १९७४ साली इथे येईपर्यंत शेणी-काटक्यांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या. लंडनचा धूर कायद्याने गेला; आपल्या आया-मावश्यांच्या छातीतला धूर मात्र त्यांच्याबरोबर विमानातून इथे आला. आणि त्या सिगरेट ओढत नाहीत म्हणून कोणाच्या, अगदी आपल्याही, तो ध्यानात येत नाही.

काकूंच्या जी.पी.कडे आम्ही दोघी गेलो आणि पुन्हा पत्र मागितले. "धाप लागते म्हणून तर बसून असते, आणि हे मला चालायला सांगतात!" असे म्हणत त्या वर्गाला गेल्या. पहिल्या दिवशी रडल्या. सहा आठवड्यांनंतर फुंकर मारायच्या चाचणीचे, म्हणजे स्पायरोमेट्रीचे, आकडे होते तेवढेच राहिले. पण यंदाच्या गणपतीत काकू दोनदा थांबून हॉलचा जिना चढल्या आणि खुर्चीवर बसून एकवीस मोदक वळले.

तेव्हा मंडळींनो, घरात कोणाला महिनोन्‌महिने खोकला असेल, जिन्यावर धाप लागत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. जी.पी.कडे स्पायरोमेट्री मागा. लहानपणी चुलीपाशी किती वर्षे काढली तेही सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मोफत मिळतो, मात्र 'मराठीच' असे आधी सांगून ठेवा. घरात सिगरेट असेल तर ती सोडायला कोणतेही वय उशिराचे नाही. आणि आज घरी गेल्यावर देवघराचा खण एकदा उघडून पाहा. इंग्रजीतले एखादे पत्र तिथे पडून असेल, तर येत्या कार्यक्रमाला घेऊन या. आपण मिळून वाचू.