मिनी ॲलो: कोल्हापूरच्या पावसात छोटी कोरफड कशी जगवायची?

मिनी ॲलो म्हणजे कोरफडीच्या कुळातली, तळहातावर मावेल एवढी छोटी शोभेची झाडं. कमी जागा, कमी पाणी आणि देखणा आकार यामुळे फ्लॅटच्या गॅलरीत आणि ऑफिसच्या टेबलावर ती हल्ली सर्रास दिसतात. 'न मरणारं झाड' म्हणून ती विकली जातात, पण कोल्हापुरात आणलेली बरीच रोपं पहिल्याच जुलै-ऑगस्टमध्ये कुजतात. इथे या झाडाला उन्हापेक्षा पावसाळ्यातल्या ओलीचा धोका मोठा असतो.

मिनी ॲलो म्हणजे नक्की काय?

ॲलो या प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यांचं मूळ घर आफ्रिका, अरबस्तान आणि मादागास्कर. आपली घरगुती कोरफड म्हणजे ॲलो व्हेरा ही त्यातलीच एक. मिनी ॲलो ही मात्र एकच जात नव्हे. या नावाखाली नर्सरीत साधारण पुढची रोपं मिळतात:

- ॲलो जुव्हेना: केनियातली जात. पानं त्रिकोणी, कडेला दातेरी, एकावर एक रचलेली. 'टायगर टूथ' या नावानेही विकतात.
- लेस ॲलो: दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोमधली. पानांवर पांढरे ठिपके, टोकाला केसासारखा तंतू. २०१४ साली शास्त्रज्ञांनी तिला ॲलोमधून काढून ॲरिस्टालो ही वेगळी प्रजाती केली, तरी बाजारात जुनंच नाव चालतं.
- ॲलो डेस्कॉइंग्सी: मादागास्करच्या चुनखडीच्या कड्यांवर वाढणारी, जगातल्या सर्वांत छोट्या ॲलोंपैकी एक. पानं जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर. बाजारात बहुधा तिचे संकर मिळतात.
- हॅवर्थिया: पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं हे रोप खरं तर ॲलो नाही, तिचं नातेवाईक आहे. ॲलोपेक्षा याला ऊन कमी लागतं.

कोल्हापूरची हवा आणि हे झाड

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. इथला उन्हाळा विदर्भाइतका कडक नसतो आणि हिवाळाही सौम्य असतो, म्हणून वर्षातले सात-आठ महिने हवा या झाडाला मानवते. प्रश्न असतो जून ते सप्टेंबरचा. शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि कुंडीतली माती वाळतच नाही.

ॲलो पानांत पाणी साठवते आणि बाष्प वाया जाऊ नये म्हणून पानांवरची सूक्ष्म छिद्रं प्रामुख्याने रात्री उघडते. पाणी वाचवण्यासाठीच घडलेल्या या झाडाची मुळं सतत ओलीत राहिली की त्यांना हवा मिळत नाही. मग बुरशी लागते आणि मूळकूज सुरू होते.

माती आणि कुंडी

पंचगंगेकाठची काळी माती उसाला उत्तम, पण मिनी ॲलोला अजिबात चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की घट्ट आवळते. नर्सरीतलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये असतं, तेही पावसाळ्यात लवकर वाळत नाही. त्यामुळे रोप आणल्यावर आठवडाभराने माती बदलावी.

मिश्रण सोपं आहे: एक भाग तांबडी माती, एक भाग जाडसर वाळू आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे. वाळू आणि विटा चाळून त्यातली भुकटी काढून टाकावी, नाहीतर तीच छिद्रं बुजवते. शेणखत मूठभर पुरे.

कुंडी मातीची, ३ ते ४ इंचांची आणि तळाला भोक असलेली हवी. भोक नसलेला चिनीमातीचा कप फोटोत छान दिसतो, पण त्यात साचलेलं पाणी वरून कळत नाही.

पाणी कधी द्यायचं?

रोज चमचाभर पाणी घालणं ही सर्वांत सामान्य चूक. पाणी द्यायचं तेव्हा तळातून निघेपर्यंत द्यावं आणि माती पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा देऊ नये. उदबत्तीची रिकामी काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढावी. ती ओलसर लागली किंवा माती चिकटली, तर थांबावं.

- मार्च ते मे: साधारण ७ ते १० दिवसांनी. वळवाच्या पावसाआधी कुंडी आडोशाला न्यावी.
- जून ते सप्टेंबर: जवळपास बंद. मोठी उघडीप मिळाली आणि पानं बारीक झाली, तरच थोडं.
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी: १२ ते १५ दिवसांनी, सकाळी.

जागा कोणती?

सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन पुरतं. पावसाची झोड नैऋत्य आणि पश्चिमेकडून येते, त्यामुळे स्लॅबखालची पूर्वेची गॅलरी सर्वांत सुरक्षित. पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या उन्हात पानं तांबूस पडतात, तेव्हा थोडी सावली द्यावी.

झाड काय सांगतंय?

- पानं पातळ आणि आत वळलेली: तहान लागली आहे.
- बुडाशी मऊ, पारदर्शक पानं: कूज सुरू झाली आहे.
- मधला शेंडा लांबलेला, रंग फिका: उजेड कमी पडतो.
- पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं: पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

कूज दिसली तर वाट पाहू नये. रोप उपटून काळी, मऊ मुळं स्वच्छ ब्लेडने कापावीत, रोप तीन-चार दिवस सावलीत उघडं वाळवावं आणि कोरड्या मिश्रणात लावावं. पहिलं पाणी आठवड्याने द्यावं.

नवीन रोपं कशी करायची?

एक पान मातीत खोचून ॲलो उगवल्याचे रील्स फिरतात. प्रत्यक्षात ॲलोचं पान बहुतेक वेळा कुजतं. खात्रीचा मार्ग म्हणजे बुडाशी येणारी पिल्लं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती मुळांसकट वेगळी करावीत आणि दोन दिवस वाळवून लावावीत.

ही कोरफड खाता येते का?

नाही. घरगुती उपायांत वापरली जाते ती ॲलो व्हेरा. शोभेच्या ॲलोंचा गर खाऊ नये आणि त्वचेलाही लावू नये, कारण ॲलोच्या काही जातींत विषारी अल्कलॉइड असतात. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक कुत्र्या-मांजरांनाही बाधतो. घरात रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी असेल, तर कुंडी उंचावर ठेवावी.